एकतिसावी ओळ

व्हिल्नियसच्या न्यायालयात हीटर गुरगुरतोय.
दुभाषी दाइवा पेन्सिलीला टोक काढते.
समोर जोडपत्र चार:
छत्तीस ओळींचा कोड, एक ओळ लाल शाईत.

कौनासमधल्या नऊमजली इमारतीत लिफ्ट अडून बसली होती.
तार शाबूत, मोटर शाबूत,
फक्त परवान्याची तारीख उलटलेली
आणि आत कुठेतरी कंपनीने मारून ठेवलेली मेख.
सतरा दिवस आल्दोनाबाई
बटाट्यांची पिशवी जिन्याच्या पायरीपायरीवर टेकवत
आठव्या मजल्यावर जात राहिल्या.

मग रिमांतास आला. जुना लॅपटॉप, थर्मास, लोकरी टोपी.
रात्रभर जिन्यात बसून त्याने कोड वाचला,
पहाटे एकतिसावी ओळ काढली.
लिफ्ट खाली आली, दार उघडून उभी राहिली,
जशी काही झालंच नव्हतं.

ग्राझहून आलेले वकील जर्मनमध्ये म्हणतात:
महोदया, हे लेखन आहे. कवितेसारखंच.
कवीला न विचारता कवितेतली ओळ कुणी काढतं का?
दाइवा ते लिथुआनियनमध्ये सांगते.
सांगताना त्यांचा एकही शब्द शिल्लक ठेवत नाही,
तिला कुणी हटकत नाही.

वकिलांचा पुढचा शब्द: कुलूप.
तिच्या भाषेत 'उझ्राक्तास'.
त्याच्या पोटात 'राक्तास', म्हणजे किल्ली.
लहानपणापासून शेकडो वेळा उच्चारलेला शब्द,
आज तो जिभेवर अडतो.
न्यायाधीशबाई मान वर करतात.
ती पाणी पिते, पुढे बोलते.

रिमांतासला विचारतात, चूक मान्य आहे?
तो बोटांवरचं ग्रीस बघतो. मी वाचलं, म्हणतो.
वाचता येत होतं म्हणून वाचलं.

शेवटच्या बाकावर कंपनीबरोबर आलेली वेरेना.
या ओळी तिच्या. सही कंपनीची.
सहा वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, रात्री उशिरा.
लाल ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात तिचीच टीप आहे,
दोन्ही वकिलांनी वगळलेली.
जेवणाच्या सुट्टीआधी न्यायाधीशबाई बोट ठेवतात:
हे काय लिहिलंय?

दाइवा चष्मा पुसते, वाचते:
'तात्पुरतं. नंतर काढून टाकणे.'

वेरेना खिडकीबाहेर बघते.
बाहेर बर्फ.