मीटर-रीडरची अगाशी

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची मीटरं वाचली.
रावपुऱ्यातली, वाडीतली, जिन्याखालची,
कोळ्याच्या जाळ्यामागची,
बॅटरी दातांत धरून.
कुणी लोहचुंबक चिकटवलाय
हे चक्राच्या चालीवरूनच कळायचं,
लंगड्या घोड्याची चाल ती.
पकडलं की चहा विचारायचे. मी प्यायचो नाही.

आता कारेलीबागेत माझ्याच अगाशीवर
सोलरच्या आठ पाट्या दक्षिणेला तोंड करून बसल्यात
आणि सोसायटीत कुजबूज:
ह्यांना आतली कळ माहीत. केलं असणार काहीतरी.

बिल वजा आलं त्या महिन्यात
बिपिनभाई चष्मा कपाळावर सरकवून
कागद उजेडात धरून बघत राहिले,
नोट खरी की खोटी बघावी तसे.
"एटले, कंपनी तुम्हाला पैसे देणार?"
म्हटलं, पुढच्या बिलात वळते करणार.
"हं," म्हणाले.
त्या एका हं-मध्ये माझी अख्खी नोकरी तपासून झाली.

शिर्केकाकूंचं म्हणणं वेगळंच.
काचेची तिरीप त्यांच्या देवघरात जाते,
ऐन दुपारी बाळकृष्णाच्या डोळ्यांवर.
दोन दिवस मी त्यांच्या देवघरात जाऊन बसलो, घड्याळ घेऊन.
तिरीप होती.
ती त्यांच्याच गच्चीवरच्या स्टीलच्या पिंपाची होती.
पडदा लावला तो मात्र माझ्या नावानं.

आणि उतराण.
दरवर्षी माझीच अगाशी सगळ्यांत मोठी,
उंधियोचं पातेलं, चिक्की, स्पीकर, सगळं इथेच.
यंदा पाट्यांमधून वाट काढत
जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढी जागा.
बिपिनभाईंचा नातू ध्रुविल
अर्ध्या मराठीत, अर्ध्या रागात म्हणाला,
"काका, तुम्ही सूरज पकडला ने आमचा पतंग सोडून दिला."
मी ऐकून घेतलं. खोटं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी पाट्यांवरून मांजा गोळा केला,
मूठभर गुलाबी गुंता,
त्यात पारव्याचं एक पीस.

पण मला सांगायचंय ते कडुनिंबाचं.
जशवंतीबेनच्या अंगणात आहे, पश्चिमेला.
तीन वाजता त्याची सावली कुंपण ओलांडते,
साडेतीनला कोपऱ्यातली पाटी,
चारला तीन पाट्या.
पाट्या बसवणारा तौफिक म्हणाला होता,
एकीवर सावली आली की अख्खी ओळ मंदावते,
शेंडा उतरवून घ्या,
महिन्याला चाळीस युनिट सुटतील.

वहीत हिशेब मांडून मी गेलो.
जशवंतीबेन ओट्यावर मेथी निवडत होत्या.
चाळीस युनिट, कोळसा किती वाचेल, धूर किती कमी,
पर्यावरण हा शब्द मी दोनदा वापरला.
त्या ऐकत होत्या.
मग देठं बाजूला सारत म्हणाल्या,
"भाई, हा पण ऊनच खातो ना?
ब्याऐंशी सालापासून खातो.
अरजी त्याची पहिली."
आणि एक जुडी माझ्यापुढे सरकवली.
मी निवडत बसलो. काय करणार.

एप्रिल आता. पाट्यांवर बोटभर धूळ.
फडकं पिळून पुसायला घेतलं तोवर चार वाजले.
सावली आली,
आधी शेवटच्या पाटीवर, मग माझ्या मनगटावर.
भाजलेला हात निवला.
डब्यावरचा आकडा उतरू लागला,
दीड, सव्वा, पाऊण.
सवयीनं खिशातली वही काढून टिपला
आणि बत्तीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं तसं
रकान्याबाहेर लिहिलं:
बाकीचं लिंबाकडे जमा.

खालून बिपिनभाईंची हाक आली,
एकूण खर्च किती बसला?
त्यांच्यासाठी नव्हे हं, जावयासाठी विचारतायत.
जावई मला ठाऊक आहे.
नवसारीला राहतो. तळमजल्यावर. भाड्यानं.