सुईचं टोक

सकाळपासून थुंकतोय.
रेघ बारीक निघते, निघते, निघते,
आणि मध्येच शिंतोडा,
इंदुताई कोळेकरांच्या सिलिकॉनच्या करंगळीवर
गोवर उठल्यासारखा.

त्या बाहेर बाकावर आहेत.
कवठेमहांकाळहून पहिल्या एसटीनं मिरजेला आल्या,
उजवा हात पदराखाली.
कडबाकुट्टीनं दोन बोटं नेली.
"म्हशीला काय, ती खाऊन मोकळी,"
मागच्या खेपेला साच्यात हात बुडवून
एवढंच बोलल्या होत्या.

दस्तगीरचाचांनी लावून दिलेला क्रम:
आधी हवा, मग रंग, मग ब्रश,
सगळ्यात शेवटी स्वतःचा हात.
मी दरवेळी शेवटाकडूनच सुरू करते.

असो. हवा.
काँप्रेसरच्या बुडाचा नळ सोडला,
चमचाभर गंजकं पाणी आलं. काटा पंधरावर, ठीक.
रंग. साय काढलेल्या दुधासारखा हवा, आहे.
कपात बुडबुडे नाहीत,
म्हणजे नोझल नीट बसलंय.
मग मागचं टोपण फिरवून
सुई मागं ओढली, सरळ, घाई न करता.
नोझल काढलं,
तांदळाची कणी त्याहून मोठी.

चूक माझीच.
काल लाईट गेली, मी ब्रश न धुता घरी गेले.
सिलिकॉन कुणासाठी थांबत नाही.
तार घालायची नाही!
तार घालणाऱ्याच्या बोटांवर चाचा पट्टी मारायचे.
थिनरमध्ये भिजवलं, दातांच्या फटीतला ब्रश फिरवला,
आणि आतून एक पापुद्रा आला,
कात टाकल्यासारखा, गव्हाळ.
हा कालच्या पोराचा, पलूसच्या,
त्याच्या अंगठ्याचा उरलेला रंग.

तरी थुंकतोय.

सुई अंगठ्याच्या नखावरून ओढली.
अडली.
डोळ्याला न दिसणारा आकडा, टोकाला.
शिकलगाराच्या घरातला माणूस इथं हसला असता.
"पणज्यानं तलवारी उजळल्या,
आज्यानं विळे, बापानं उसाचे कोयते,
माझ्या वाट्याला ही सुई आली," म्हणायचे,
आणि दोन हजारच्या कागदावर ती आडवी धरून
फिरवत फिरवत मागं ओढायचे.
मांजराच्या पाठीवरून हात जातो तसं.
उलटं गेलात तर मांजरही चावतं.

एका दुपारी त्यांनी ब्रश माझ्यापुढं ठेवला.
मी सगळं उघडून पाहिलं, कुठं काही नव्हतं.
"शेवटचा नंबर राहिला की गं," म्हणाले,
आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

सात वेळा ओढली. आठव्यांदा नखावरून
पाण्यासारखी गेली.

इंदुताईंना आत बोलावलं.
डावा हात टेबलावर, रंग जुळवायला.
पेरांवर उन्हाचा काळा थर, नखाच्या कडेला हळद,
तर्जनीवर विळ्याचा जुना पांढरा व्रण.
मी तपकिरी चढवत गेले,
एक हात, वाळू दे, दुसरा हात.
त्या वाकून बघत होत्या.
"एवढं काळं नको करू बाई.
नवं बोट हाय.
त्यानं अजून काम कुठं केलंय?"

मी तिसरा थर दिला नाही.

बोटं चढवली. त्यांनी पिशवीचा बंद
त्या बोटांत अडकवून पाहिला,
घसरला. पुन्हा अडकवला.
चारची गाडी होती, गेल्या.

मी लगेच धुवायला घेतलं.
कपात थिनर, टोकावर बोट दाबून हवा उलटी,
बुडबुडे, पुन्हा थिनर, पाणी स्वच्छ येईतो.
पुसताना नोझल हातातून निसटलं.
टिक्. कुठंतरी.

झाडू मारायचा नसतो अशा वेळी.
खिडकी बंद केली,
बॅटरी फरशीला टेकवून आडवी लावली,
आणि पोटावर झोपून बघतेय.
ते दिसत नाही कधी.
त्याची सावली लांब पडते,
ती शोधायची.