अंदाजे जन्मवेळ

मनामातल्या मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
अत्तराच्या दुकानाला लागून आमचं भविष्य.
तीन दिनार. आठ मिनिटं.
पाटीवर दोन भाषांत लिहिलंय : केवळ करमणुकीसाठी.
माझं काम चष्मा पुसायचं.

चष्मा म्हणजे डोक्याला बांधायचं काळं खोकं.
आत वाळवंटातली रात्र, एक तंबू,
दाराएवढाले पत्ते उभे राहतात समोर
आणि वर राशी फिरतात, सावकाश,
वीज गेल्यावर पंखा फिरत राहतो तशा.
मला बाहेरून दिसतात फक्त माणसं,
हवेत हात घालून काहीतरी उचलणारी.

कॉजवे ओलांडून आलेल्या बहिणी
एकमेकींचं नशीब ऐकून खिदळतात.
मदाम फौजिया दर गुरुवारी येतात.
त्यांना चंद्राचाच पत्ता हवा असतो,
नाही आला तर आणखी तीन दिनार.
त्या गेल्या की स्पंजाला काजळ.
मी स्पिरिट मारतो, दोनदा.

शुक्रवारी मल्लेश आला,
करीमनगरचा, परांच्या बांधणारा,
ओल्या केसांचा भांग, शर्टाला इस्त्री.
जन्मतारीख? एक जानेवारी.
जन्मवेळ? नुसता हसला.
त्याच्या खोलीत आठजण राहतात,
त्यातल्या सहाजणांचा वाढदिवस एक जानेवारी.
यंत्राला रिकामी जागा चालत नाही.
मी दुपारचे बारा टाकले.

पाचव्या मिनिटाला बुरुजाचा पत्ता उघडला असावा
(वीज पडते, माणसं वरून सुटतात,
रोवेना म्हणते, सगळ्यात जास्त खर्च तिथंच झालाय)
कारण त्याचा उजवा हात कमरेकडे गेला
आणि पट्ट्याचा हूक चाचपायला लागला,
कुठंतरी अडकवायला.
मॉलच्या गुळगुळीत फरशीवर उभा माणूस
आणि हूक शोधतोय.
मी त्याचा हात धरून स्टँडच्या दांडीवर ठेवला.
मग तो हलला नाही
भविष्य संपेपर्यंत.
जाताना विचारलं, भाई, कितवा मजला होता तो?

रात्री शटर अर्धं ओढल्यावर रोवेना म्हणाली,
पारू, तू कधी बघतच नाहीस.
परुळेकर तिला जमत नाही.
बसलो.

पासपोर्टाप्रमाणे मी एक जूनचा.
परबगुरुजींनी आमच्या अख्ख्या बाकाला एक जून दिला होता,
पेनाच्या एका फटकाऱ्यात
सगळ्यांना मिथुन करून टाकलं.
तंबूतल्या बाईनं पत्ते पिसले.
म्हणाली, तू दोन मनांचा आहेस.
म्हणाली, पाण्यापलीकडून बोलावणं येईल.
मला वाटलं, ही हे गुरुजींना सांगतेय.
त्यांच्या अक्षराची कुंडली आहे ही,
त्याच अक्षरावर व्हिसा लागला,
त्याच अक्षरावर महिन्याचा पगार जमा होतो,
मी आपला सोबत आलोय.
तरीही स्पंज ओला झाला.
तो मीच पुसला, दोनदा,
आणि वहीत लिहिलं : तपासणी फेरी, मोफत.

सकाळी आवशीला फोन लावला.
गे, मी खरो कधी झालंय?
भातकापणी चालू होती, ती म्हणाली,
बापूस तुझो खळ्यार.
म्हणजे जून नव्हेच.
म्हणजे त्या तंबूत मी नव्हतोच.
किती वाजलेले?
घड्याळ खंय होतां रे तेव्हा,
घरात पयलां घड्याळ तू धाडलंस तां.
मग जरा थांबली.
मागे कोणीतरी बालदी ठेवल्याचा आवाज.
त्याचो सेल संपलोहा दिवाळीपासून, म्हणाली,
येताना घेवन ये.