मधलं पाणी

पॉलिसी मीच विकली होती.
चोडणच्या धक्क्यावर, त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी,
फेरी सुटायच्या आत चार सह्या.
'पूर्वीचा काही आजार?' या रकान्यापाशी
गुणाजीबाब थबकले.
मी म्हटलं, नाही लिहा,
जिना चढताना दम कुणाला लागत नाही?
रॅम्प वर उचलली जात होती.

एकाहत्तराव्या वर्षी छातीत कळ आली.
म्हापशाचं खाजगी इस्पितळ, पाच रात्री,
बिल दोन लाख चौदा हजार.
कंपनीनं सहासष्ट मंजूर केले,
उरलेल्यांपुढे शिक्का:
'वाजवी व रूढ दरांहून अधिक.'

रूढ म्हणजे कुणाची रूढी, त्यांनी विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.
प्रशिक्षणात हे पान उलटून गेले होते.

आम्ही पणजीला गेलो.
साहेब चांगला होता, पाणी दिलं, पंखा वाढवला.
'विमा केंद्राकडे, आजोबा. आमच्या हातात काही नाही.'
हैदराबादला लिहिलं. चौदा आकडी क्रमांक आला,
मग दोन महिन्यांनी पत्र:
कंपनीनं अटी पाळलेल्या दिसतात;
इस्पितळानं किती आकारावं
हा राज्याचा विषय.

पत्र त्यांनी दोनदा वाचलं.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

मग सांगू लागले, एकतीस वर्षांतली एक संध्याकाळ:
भर मांडवीत एक बाई स्कूटरसकट पाण्यात गेली.
त्यांनी इंजिन उलटं घेतलं, दोर टाकला, वर ओढली.
मग दोन काठांच्या दोन चौक्या भांडत बसल्या,
पंचनामा कुणी करायचा,
ती कुठल्या काठाला जवळ होती.
'तोवर ती घरी पोचून
चहा पिऊन मोकळी झालेली, बाय.
स्कूटर मात्र अजून खालीच आहे.'

हसले. हसताना छातीवर हात गेला.
सुनंदाबाईंनी आतून पाहिलं
आणि गोळ्यांचा डबा, न बोलता,
टेबलाच्या या टोकाला सरकवला.

या महिन्यात नूतनीकरणाची सूचना आली.
हप्ता एकोणचाळीस हजार. गेल्या वर्षी सव्वीस.
वाढ नियमात बसते, मी तपासलं.
सगळंच नियमात बसतं.
'भरू?' त्यांनी विचारलं,
जसे पूर्वी लोक त्यांना विचारत,
आज फेरी सुटेल ना?

त्या एकोणचाळिसात माझेही काही आहेत.
मी म्हटलं, मुलाला विचारा.
मुलगा दोहात. त्याचा फोन रात्री येतो.

पाकीट त्यांनी उलटं केलं.
मागच्या कोऱ्या बाजूवर, जुन्या सवयीनं,
उद्याच्या भरतीची वेळ लिहिली,
खाली रेघ ओढली,
आणि मला म्हणाले, निघ आता,
शेवटची फेरी चुकेल.

रॅम्पवर उभी राहून मी मागे पाहिलं.
दिवा चालू होता.
त्या रकान्यातलं 'नाही'
माझ्याच आवाजात होतं, पण अक्षर त्यांचं.