नऊ आकडे

देवगडच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याच्या पायरीशी
मी माझा कप्पा शेवंतीकाकींच्या हातात दिला.
कप्पा म्हणजे फोनवरची एक पांढरी चौकट,
तिच्यात मोबाइल नंबर भरला
की होडीचं नाव, बर्फाच्या लाद्या, वेळ,
सगळं सोसायटीच्या वहीत आपोआप चढतं.

काकींचं बोट ओलं, नखाशी बांगड्याचा खवला.
एक आकडा निसटला. नऊच उमटले.
आणि कप्पा, मी पुण्यात बसून शिकवला होता तसा,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे हलला
कडांना लाल होत,
मोजून चारशे मिलिसेकंद.
वाटलं होतं, हे कुणालाही कळेल.
मान हलवून नाही म्हणणं
तान्ह्या पोरालाही येतं, चमचा पुढे आला की.

काकी म्हणाल्या,
"ह्येका हिंव भरला काय रे?"

आणि अंगठ्याखाली दाबून धरला त्याला,
टोपलीतून उडू बघणारा मासा धरावा तसा.
पुन्हा नऊ. पुन्हा थरथर.
तिसऱ्यांदा त्यांनी फोन पेटीवर पालथा घातला.
"नाय म्हणता ता कळला.
खय चुकला, ता कोणी सांगूचा?"

रात्री लॉजच्या खाटेवर
मला मामाच्या होडीवरचा बाबल तांडेल आठवला.
जाळ्याची गाठ चुकली तर
तो मान हलवत नसे, ओरडत तर नसेच.
सुटलेल्या फासावर बोट ठेवी
आणि समुद्राकडे बघत बसे,
मला वेळ मिळावा म्हणून.

मी थरथर उतरवली.
आता एकदाच हलायचं, तेही
होडी धक्क्याला टेकते तेवढंच.
लाल काढला.
नऊ आकडे जागच्या जागी राहू दिले,
आणि दहावी रिकामी जागा तेवढी
जाळ्याच्या बोयासारखी
वर, खाली,
वर.

सकाळी काकींनी फोन डोळ्यांपासून लांब धरला.
"हां, हंय एक आकडो रवलो," म्हणाल्या,
आणि भरला.
हिरवी खूण उमटली. मी दुसरा चहा मागवला,
आणि उगीच, फुशारकीच्या भरात विचारलं,
नंबर कुणाचा?

"ह्येंचो. नारळीपुनवेनंतरच्या पयल्याच फेरीक
होडी कलंडली. घोव वर इलो,
फोन खाली रवलो."
किती खाली?
"अठरा वाव."
मग हा कशाला दिलात, काकी?
"ह्योच एक पाठ आसा माका."

दहाच्या दहा आकडे. कप्पा गप्प.
हलण्यासारखं त्याला काहीच दिसेना.
मी त्याला मोजायला शिकवलं होतं,
आणि मोजणीत काकी बरोबर होत्या.

साडेदहाला निरोप सुटला,
आपल्या बारा लाद्या तयार आहेत.
मी बसल्या बसल्या त्याचा माग काढत राहिलो:
टॉवरवरून उतरून, बंदराचं तोंड ओलांडून,
चिखलात उताण्या पडलेल्या एका काळ्या काचेपर्यंत,
जिच्यावरून आता
खेकडा चालत जातो आडवा,
डावीकडे, उजवीकडे.

इकडे कारखान्यात बर्फ फोडायचं यंत्र खडखडलं.
तेवढ्यावरून काकी उठल्या,
पदर खोचला,
आणि टोपली घेऊन आत गेल्या.