तात्पुरतं

कलिन्याला, चर्चच्या मागच्या गल्लीत, रात्री साडेदहाला
ड्रायव्हरशेजारची सीट काढून ठेवलीय
आणि मी उकिडवी बसून
डॅशबोर्डखालच्या डब्याशी बोलतेय.
अठ्ठ्याण्णवची लान्सर. डबाही अठ्ठ्याण्णवचाच.
त्याची अख्खी स्मृती
माझ्या एका सेल्फीत शंभरदा मावेल.
केबल उल्हासनगरची, लॅपटॉप ऑफिसचा,
बॅटरी एकोणीस टक्के.

इग्नेस मिरांडा बाकड्यावर बसून शेंगा फोडतोय.
"काय म्हणतो तुझा टीव्ही?"

टीव्ही म्हणतो, सोळा पॉइंट आठ.
म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.
तीन हजार दोनशे फेऱ्यांवर, चढावर,
जिभेवरचं नाव विसरल्यासारखी
गाडी अर्धा क्षण थांबते,
मग धक्का देऊन आठवते.

तीन आठवडे मी तिथे पेट्रोल ओततेय.
रात्री दोनला नवरा पुलावरून गाडी चालवतो,
मी मांडीवरचे आकडे वाचते,
घरी येऊन रकाने भरते:
चार टक्के. सात. अकरा.
तक्ता उभा केला की पडद्यावर डोंगर दिसतात,
हिरवे, निळे, मऊ उताराचे
आणि मधोमध माझा सुळका.
इग्नेस वाकून बघतो.
"हा तर गिल्बर्ट हिल.
आजूबाजूचं सगळं खोदून नेलं की उरतो तसा."

समोरच्या खणात बाबांची वही आहे.
तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये.
रुपये तेवढे पेन्सिलने, कारण आई बघायची.
शेऱ्यात फार काही नाही.
मागचा उजवा टायर. खारघर, लग्न.
चौदा मे दोन हजार सहा:
सायनच्या पुलावर अडखळते. इग्नेसने तात्पुरतं केलंय.

मी ते मोठ्याने वाचते.
शेंग फुटायची थांबते.

"त्या सीटवर बस," तो म्हणतो. "ब्रेक दाब. पहिला टाक.
क्लच जरासा सोड."
इंजिन जागच्या जागी कूस बदलतं
आणि त्याचा हात हवेच्या रबरी नळीखाली जातो,
जिथे हात घालावा असं
मला तीन आठवड्यांत एकदाही वाटलं नाही.

घडीत चीर. इंजिन हललं की उघडते,
कुणालाही मोजू न देता हवा आत घेते.
चिरेवर काळी टेप, दगड झालेली,
तीन वेढे,
त्याच्याच हाताचे.

"तुझा बाप म्हणालेला, नवी घाल.
मी बोललो, माल आला की घालतो.
मग तो परत काय बोललाच नाही."

बाबा परत बोलणाऱ्यांतले नव्हते.
ते त्या जागी पाय उचलायचे.
उचलायचे, एक-दोन म्हणायचे, पुन्हा ठेवायचे,
आणि मागच्या सीटवर आम्हाला वाटायचं
पूल असाच असतो.

म्हणजे एकोणीस वर्षं टेप,
त्यावर बाबांचा पाय,
त्यावर माझे अकरा टक्के.
तीन आठवडे मी एका चिरेला
गणित शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी सीएसटी रोडला नळी मिळते,
साडेतीनशेला, भलत्याच गाडीची, कापून बसवलेली.
इग्नेस म्हणतो, चालेल, तात्पुरती.
मी जुनी फाइल परत चढवते.
आज बॅटरी भरलेली आहे
आणि काम दोनच मिनिटांचं.
सुळका काही आवाज न करता बसतो.

संध्याकाळी पुलावर आम्ही दोघं. मी चालवतेय.
अठ्ठावीसशे. तीन हजार.
काटा तिथे पोचतो,
गाडी सरळ पुढे जाते.
पाय मात्र माझा, आपणहून, उचलला जातो.

मागून टॅक्सी हॉर्न मारते.
इग्नेस खिडकीबाहेर बघत
खिशातली टरफलं चाचपतोय.
वहीत काय लिहायचं ते
मी सिग्नलला थांबल्यावर ठरवणार होते.
सिग्नल हिरवाच होता.