जिवाणी

आमच्याकडे पाणी गाळून पितात.
हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं,
गाळून झालं की आई ते उलटं करून धुते,
आणि धुतलेलं पाणी पुन्हा आडात सोडते, सावकाश,
कुणाला लागू नये अशा बेतानं.
ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात जावेत
डोळ्यांना न दिसणारे.
याला जिवाणी म्हणतात.
लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी करतात.

आणि गणपती पेठेत, बोळात आत,
अण्णांचं दुकान. शेडबाळे पॅकिंग.
कॅरीबॅगा, द्रोण, चहाचे कप,
बेदाण्याच्या पाव किलोच्या चकचकीत पिशव्या,
हळदीच्या पुडीचे रोल.
मी सातवीत असताना एका गठ्ठ्यावर
फोन नंबरातला शेवटचा आकडा चुकला.
नऊचा सहा.
अण्णांनी तो गठ्ठा भाजीवाल्यांना निम्म्यानं दिला.
संपला एकदाचा, म्हणाले.

नाही संपला.
मी बारावीत असताना पूर आला, गेला,
आणि हरिपूरच्या वाटेला, नदीकडच्या बाभळींवर
पाण्यानं आपली उंची लिहून ठेवली
पिशव्यांनी.
आम्ही कॉलेजची पोरं घरटी मोजायला गेलेलो.
एका घरट्यात काड्या, काथ्या, आणि मधोमध
निळ्या अक्षरांत आमचं आडनाव.
खाली नंबर. शेवटी सहा.
सरांनी खालून विचारलं, काय लिहिलंय गं त्यावर?
मी म्हटलं, पुसलंय सर.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी तशी बरी वागते.
बादलीतच आंघोळ, सायकलनं कॉलेज.
स्टीलची बाटली मागवली, ती आली
फुगे फुगे असलेल्या तीन थरांत गुंडाळून.
पर्यावरण निबंधात माझा पहिला नंबर,
प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर.
लॅमिनेशनचा रोल दुकानातलाच.
भरमूकाकांनी पैसे घेतले नाहीत.
घरचंच काम, म्हणाले.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो,
दिव्यावर येणारं काही ताटात मरू नये म्हणून.
त्या दिवशी ताटावर मी सांगून टाकलं,
घरट्याचं, सहाचं, खोट्याचंही.
वाटलं, चिडतील. फीचा विषय काढतील.
अण्णांनी आमटीत भाकरी कुस्करली.
पिल्लं होती का? एवढंच विचारलं.
दोन अंडी होती.
मग हात धुतला, आणि दुकान उघडायला गेले.

रविवारी पहाटे मला उठवलं.
स्कूटरला आडवा बांधलेला बांबू, टोकाला आकडी.
ते ओढायचे, मी पोत्यात भरायची.
घरट्यातली तेवढी राहू दिली.
एक पिशवी बोटांत चोळून बघितली त्यांनी,
गिऱ्हाइकासमोर चोळतात तशी.
चांगला माल होता गं, म्हणाले,
आणि मग गप्पच झाले.
सवयीनं डझनावारी मोजत होते. मीही.
एकोणीस डझन, वर सात.
सगळ्या काही आमच्या नव्हत्या.
आमच्या किती, ते दोघांनीही मोजलं नाही.

सोमवारी दुकान उघडलं, नेहमीसारखंच.
कॅरीबॅगांच्या शेजारी कापडी पिशव्यांची एक चळत आहे आता,
दर विचारून लोक पुढं जातात.
बाकी तेच.

पोतं अजून जिन्याखाली आहे.
कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर ते कुठं जातं
हे मी जाऊन बघून आले आहे.
आई रोज त्याच्यावरून फडकं घेऊन आडाकडं जाते.
परवा थांबली. पोत्याकडं बघत म्हणाली,
आणि ह्यांना गं? ह्यांना कुठल्या पाण्यात सोडायचं?

चेष्टेनं म्हणाली असेल.
मी उत्तर शोधते आहे.